टोळीचा नंबर

मोबाइल वाजला तेव्हा मोतीराम कांद्याच्या वावरात उकिडवा बसून एक गोंडा बोटांनी चाचपत होता. कांद्याचं बी धरणाऱ्या माणसाचा सगळा जीव या गोंड्यात असतो. दिवाळीनंतर निवडक कांदे लावायचे, त्यांना कमरेएवढे पोकळ डेंगळे येऊ द्यायचे, डेंगळ्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू, म्हणजे गोंडा, फुलला की फवारणीचा पंप घरात उलटा टाकून द्यायचा, म्हणजे मधमाश्या मरत नाहीत. गुढीपाडवा उलटला की वाळत चाललेल्या गोंड्यात काळं बी डोळे उघडायला लागतं. तेव्हा तोडायचं. आधी तोडलं तर बी पोचट निघतं आणि उशीर केला तर मातीत गळून जातं. मध्ये जे चार-सहा दिवस मिळतात, त्यावर सगळं वर्ष उभं असतं.

मोबाइलवर तीन ओळी होत्या. बुलढाणा जिल्ह्यात परवा तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह गारपिटीची शक्यता, ऑरेंज अलर्ट. मोतीरामनं त्या वाचल्या आणि वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं साफ होतं. पण सकाळपासून वारा खालच्या अंगानं येत होता, सदरा पाठीला चिकटत होता, आणि उन्हाळ्यातलं ऊन जसं कोरडं चावतं तसं हे चावत नव्हतं. त्यानं मोबाइलवर ढगांचं चित्र काढलं. दहावी नापास माणूस, पण ते चित्र वाचायला तो आपलं आपण शिकला होता. बाकीची माणसं क्रिकेटचा स्कोअर पाहतात तसा तो ढग पाहायचा. अरबी समुद्राकडून एक पांढरा पट्टा निघाला होता आणि त्याचं तोंड घाटाकडे होतं.

त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि तोंड बंद ठेवलं.

बांधापलीकडे छाया होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. छाया म्हणजे त्याच्या चुलत भावाची, गोविंदाची बायको. गोविंदा पुण्याकडे एका सोसायटीच्या गेटवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम करतो. दोन लेकरं आणि वावर छाया एकटी सांभाळते. कांद्याचं बी तिनं या साली पहिल्यांदाच मनावर घेऊन धरलं होतं आणि ते तिला मोतीरामनंच शिकवलं होतं. कोणता कांदा लावायचा, किती अंतर सोडायचं, पाणी कधी तोडायचं. गोविंदानं सांगितलं होतं की यंदा बी चांगलं निघालं तर मी परत येतो, दोघं मिळून हेच करू. छाया हे कोणालाही सांगायची. दळण दळायला आलेल्या बाईला, एसटीतल्या अनोळखी म्हातारीला. तिचं वावर मोतीरामच्या वावरापेक्षा लहान, पण आधी लावलेलं, त्यामुळे तिचे गोंडे आधी पिकले होते. तिच्या गोंड्यांमध्ये काळं बी चांगलं दिसायला लागलं होतं.

मोतीराम गप्प का बसला, हे समजायला मागचं साल पाहावं लागतं.

मागच्या साली असाच मेसेज आला होता. मोतीराम तेव्हा वावरातून सायकल मारत गावात गेला, मारुतीच्या देवळात शिरला आणि भोंगा चालू करून त्यानं सगळ्या उंद्री गावाला सांगितलं की उद्या गार पडणार, ज्याचे गोंडे उभे आहेत त्यानं तोडून घ्या. मेसेजमध्ये 'शक्यता' होतं आणि 'तुरळक ठिकाणी' होतं. मोतीरामनं ते दोन्ही गाळून टाकलं. का गाळलं? कारण ते शब्द घेऊन वावरात करायचं काय, हे कोणीच सांगत नाही. तुरळक म्हणजे कुठे? माझ्या बांधावर की शेजाऱ्याच्या? शक्यता म्हणजे विळा हातात घ्यायचा की नाही? लिहिणारा लिहून मोकळा होतो. गार पडली तर म्हणतो सांगितलं होतं, नाही पडली तर म्हणतो शक्यताच म्हटलं होतं. मधल्यामध्ये मरतो तो, ज्याला हो किंवा नाही यातलं एकच करता येतं.

तर गावानं ऐकलं. अर्धे हिरवे गोंडे तोडले. दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की पापड वाळावेत. गार पडली, नाही असं नाही, पण ती मेहकरच्या अंगाला पडली. कृषी सहायक धम्मरत्न नंतर गावात आला तेव्हा त्यानं समजावून सांगितलं की अंदाज खोटा नव्हता, जिल्ह्यात गार पडणार होती आणि पडली. भला पोरगा, पण त्याचं कोण ऐकतं. गावाला जिल्ह्याशी काय घेणं. बी पोचट निघालं, चाचणीत उगवण बसली नाही, बी विकत घेणाऱ्या कंपनीच्या माणसानं नमुना बोटात चोळून फुंकर मारली तर अर्धा उडून गेला.

आणि मग हसणं सुरू झालं. कुलदीपच्या चहाच्या टपरीवरून ते निघालं. हा कुलदीप स्वतः बी धरणारा, स्वतःचंही नुकसान झालेला, पण त्याच्या जिभेला हाड नाही. मोतीराम टपरीवर आला की तो आभाळाकडे पाहून विचारायचा, "काका, कपडे वाळू घालू का आज?" सगळी टपरी खिदळायची. मग पोट्टे विचारायला लागले. मग बाया. कोणाच्या लग्नात मांडव घालताना आचारी भर पंगतीत ओरडला की आधी मोतीरामला विचारा. सोयऱ्यांपर्यंत गेलं. एक माणूस खरं सांगायला गेला आणि सबंध वर्ष गावानं त्याला शेपूट लावून नाचवलं. आपल्या गावांना हसायला फार आवडतं. आणि ज्यानं काहीच केलं नाही त्याला कधी हसत नाहीत, हे लक्षात घ्या. हसतात ते ज्यानं काही केलं त्याला.

एक छाया तेवढी हसली नव्हती. तेव्हा तिचेही दोन-चार ओळींचे गोंडे वाया गेले होते. ती मोतीरामच्या अंगणात आली होती आणि म्हणाली होती, "भाऊजी, तुम्ही सांगणं सोडू नका. माह्या घरी कोणी सांगाले नाही."

मोतीरामनं मान हलवली होती. पण मनात त्यानं शपथ घेतली होती की आता या गावाच्या कल्याणासाठी आपण तोंड उघडायचं नाही.

उंद्रीत गोंडे तोडायला बायांची टोळी लागते. टोळी एकच. तिची मुकादम अंबूबाई, साठीची, पण वीस बायांना जागेवर उभं करते. गोंडा तोडणं हे कोणाचंही काम नाही. कात्री नीट चालली नाही तर बी तिथंच सांडतं, म्हणून सगळ्यांना अंबूबाईचीच टोळी पाहिजे असते. त्यामुळे नंबर लागतात. नंबर कुठे लिहिलेले नसतात, अंबूबाईच्या डोक्यात असतात, आणि तिनं एकदा सांगितलेला नंबर आमदार आला तरी बदलत नाही. बदलतो तो एकाच रीतीनं. ज्याचा नंबर आहे त्यानं स्वतः अंबूबाईकडे जाऊन सांगायचं की माझा नंबर अमक्याला द्या. कोणाच्या घरी मयत झाली, कोणाकडे लग्नकार्य निघालं तर माणसं असा नंबर देतात. त्याला कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हणणाऱ्याचं गावात नाव जातं.

उद्याचा नंबर छायाचा होता. परवाचा मोतीरामचा. त्यानंतर कुलदीपचा आणि बाकीच्यांचे.

मोतीराम बांधावर बसून हिशोब करत राहिला. काहीच केलं नाही तर उद्या छायाचं उरकतं आणि परवा आपलं अर्धं तोडून होत नाही तोच गार येते. भोंग्यावर सांगितलं तर टोळीची ओढाताण होईल, सगळ्यांचं थोडं थोडं वाचेल, आणि न पडली तर कुलदीप पुढचं वर्षभर कपडे वाळत घालेल. आणि नंबर बदलला तर? उद्या आपलं. परवा सकाळी टोळी छायाच्या वावरात. तिचं वावर लहान, जेवणवेळेपर्यंत उरकतं. चित्रातला पट्टा पाहता गार काही दुपार कलल्याशिवाय येत नाही. म्हणजे आपलंही वाचतं आणि तिचंही. कोणाचंच काही जात नाही.

हिशोब त्याला इतका चांगला वाटला की त्यात खोटं बोलावं लागतं ही गोष्ट बारीक होऊन गेली. खरं सांगून नंबर मागता आला असता. पण गार येणार हे कळल्यावर हातातला नंबर कोण देतं? असं तो धरून चालला. छायाला विचारलं नाही. धरून चालला.

तो बांध ओलांडून तिच्या वावरात गेला. म्हणाला की परवा करिष्माला पाहायला पाहुणे येणार आहेत. करिष्मा त्याची मुलगी, बुलढाण्याला राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. पाहुणे वावर पाहायला येणारच, त्या दिवशी अंगणात आणि वावरात टोळी असली तर बरं दिसत नाही, तर उद्याचा नंबर मला दिला तर बरं होईल.

छायाचा चेहरा असा फुलला की मोतीरामनं दुसरीकडे पाहिलं. तिनं ना कुठले ते विचारलं, ना मुलगा काय करतो ते. आधी म्हणाली की नंबर तर दिलाच, त्यात विचारायचं काय, मी आत्ताच अंबूबाईला सांगून येते. मग म्हणाली, तुमच्या घरच्या कपांचे कान तुटलेले आहेत, मी पाहिले आहेत. माझ्याकडे गोविंदानं पुण्याहून आणलेल्या कपबश्या आहेत, फुलं काढलेल्या, अजून खोक्यातून काढल्या नाहीत. त्या घेऊन जा.

मोतीराम नको म्हणाला. ती म्हणाली, "पोरीचं काम आहे भाऊजी. तिथं लाजाचं नाही."

संध्याकाळी ते खोकं लेकराच्या हाती घरी आलंसुद्धा. मोतीरामनं फळीवर ठेवलं. कौसल्याबाई, त्याची बायको, तेव्हा माहेरी गेली होती. ती दिवेलागणीला परतली आणि खोक्याकडे तिचं लक्षच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी टोळी मोतीरामच्या वावरात उतरली. त्याचे गोंडे अजून थोडे हिरवट होते. अंबूबाईनं एक गोंडा हातात घेऊन उलटा केला, नाक मुरडलं आणि म्हणाली की आणखी दोन दिवस उभे राहिले असते तर बरं होतं, पण मालकाची मर्जी. बाया कामाला लागल्या. कौसल्याबाई पाणी घेऊन आली तशी अंबूबाईनं तिला हसून म्हटलं, "काऊन वं कौसल्या, पोरीले पाहाले येऊन राह्यले म्हणे उद्या. आमाले पेढा नाही का?"

कौसल्याबाईच्या हातात घागर होती. तिनं ती खाली ठेवली. नवऱ्याकडे पाहिलं. नवरा ताडपत्री सरळ करायला खाली वाकला होता आणि वाकलेलाच राहिला. ठरलं की देऊ पेढा, एवढं म्हणून तिनं बायांना पाणी वाढलं.

घरी आल्यावर तिनं दार लोटलं आणि विचारलं. मोतीरामनं सगळं सांगितलं. मोबाइल दाखवला, पट्टा दाखवला, हिशोब समजावला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली की अजून ऊन आहे, भोंग्यावर जा, नाहीतर निदान छायाला जाऊन सांग, ती आणि तिची लेकरं मिळून जेवढे तुटतील तेवढे आज तोडतील.

"मले पुन्हा गावाचा जोकर नाही व्हायचं," तो म्हणाला.

"तुम्हाले जोकर नाही व्हायचं. मंग तिनं काय व्हायचं?"

उद्या पहाटेच टोळी तिच्या वावरात लावतो, मी स्वतः हात लावतो, दुपारच्या आत उरकतं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. कौसल्याबाई चुलीकडे वळली. ती स्वतः तरी का गेली नाही, असं कोणी विचारेल. नवऱ्याला गावात खोटं पाडायला बाई सहज जात नाही. आपण हे बायांना लहानपणापासून शिकवतो आणि मग त्यांनाच विचारतो की तू का बोलली नाहीस.

तिसऱ्या दिवशी मोतीराम खरंच लवकर गेला. छायाला सांगितलं की पाहुणे उशिरा येणार आहेत, तोपर्यंत हात लावतो. तिला आश्चर्य वाटलं, पण बरं वाटलं. त्यानं स्वतःची एक ताडपत्रीही आणली होती. बायांना तो घाई करत होता. हात चालवा, बोलणं नंतर. अंबूबाई म्हणाली की माणूस पाहुण्यांच्या नादात येडा झाला. आभाळ सकाळी साफच होतं. बाया न्याहारीच्या भाकरीला बसल्या तेव्हा पश्चिमेकडून काळं चढलं. मोतीरामच्या हिशोबात ते दुपार कलल्यावर चढायचं होतं. त्यानं वर पाहिलं, मग वावराकडे पाहिलं. चार ओळी तुटल्या होत्या. बाकी सगळं उभं होतं.

आधी वारा आला आणि डेंगळे आडवे झाले. मग मोठे थेंब. मग पत्र्यावर खडे टाकावेत तसा आवाज, फक्त तिथे पत्रा नव्हता, बाया होत्या. सागाचं एक झाड बांधावर होतं, तिकडे सगळ्या धावल्या. ज्यांच्याकडे टोपली होती त्यांनी ती डोक्यावर घेतली. छाया धावली नाही. ती ताडपत्री ओढून उभ्या गोंड्यांवर टाकायला बघत होती. उभ्या वावरावर एक ताडपत्री. मोतीरामनं तिचा हात धरून ओढलं तर तिनं तो झटकला. शेवटी अंबूबाई झाडाखालून परत धावत आली, छायाला मिठीत घेऊन खाली बसली आणि तिच्या डोक्यावर आपला हात धरला. आवळ्याएवढी गार होती. अंबूबाईच्या मनगटावर पडली.

फार वेळ चाललं नाही. गारपिटीला वेळ लागतही नाही. थांबलं तेव्हा वावर पांढरं होतं. आधी ते गोंड्यांनी पांढरं असायचं. आता डेंगळे गुडघ्यात मोडले होते आणि काळं बी गारांमध्ये असं मिसळलं होतं की कोणी मुद्दाम विखुरल्यासारखं. छायानं एक मूठ उचलली. गारा वितळल्या, बी तळहातावर राहिलं, थोडंसं. ते तिनं पदरात टाकलं. मग आणखी एक मूठ उचलली. मोतीराम तिच्याशेजारी बसला आणि तोही उचलायला लागला. बराच वेळ दोघं तेच करत राहिले. ते काही करण्यासारखं काम नव्हतं.

पंचनामा झाला. फोटो निघाले. साहेब लोकांनी वावरं पाहिली, डोळ्यांनी मोजली, गेले. अंबूबाई सुजलेला हात घेऊन पारावर बसली होती. तिनं विचारलं, "वावराचं लिहून राह्यले तं ह्याचंबी लिहा ना." हसले सगळे. लिहिण्याची जागा नव्हती. गार येणार असल्याचा मेसेज ज्यांच्या मोबाइलवर येतो त्या माणसांचं वावर असतं. ज्या बाया त्या वावरात वाकून असतात त्यांच्या डोक्यावर काय पडणार, हे सांगायला मेसेज निघत नाही.

गावानं हिशोब लावायला वेळ लावला नाही. सगळ्या उंद्रीत एका मोतीरामचेच गोंडे तोडून ताडपत्रीखाली होते. हिरवट असताना तोडलेले. नंबर आधी घेऊन तोडलेले. कुलदीप टपरीवरून उठून आला. त्याचं वावर संपलं होतं. तो आवाज न चढवता म्हणाला की तुला माहीत होतं, आणि मोतीरामनं मान हलवली. कुलदीप म्हणाला की मी हसलो होतो, मान्य, पण तू सांगायला पाहिजे होतं. मोतीरामच्या मनात आलं की सांगायलाही मीच आणि हसून घ्यायलाही मीच. ते बरोबरही होतं. पण बरोबर असून त्याला काही उपयोग नव्हता, कारण गाव हसलं त्यात छाया नव्हती.

ती तिसऱ्या की चौथ्या दिवशी आली. मोतीरामची ताडपत्री घडी करून आणली होती. धुऊन आणली होती. अंगणात ठेवली. कौसल्याबाईनं बस म्हटलं, ती बसली. समोर फळीवर खोकं होतं, दोरी न सोडलेलं.

मोतीराम बोलायला लागला. माझे गोंडे वाळले की बडवू आणि निम्मं बी तुझं, निम्म्याहून जास्त घे म्हटलंस तरी घे. छाया ऐकत होती. मग तिनं विचारलं, "पाहुणे आले नाहीत?"

मोतीराम ताडपत्रीची घडी उलगडून पुन्हा घालायला लागला.

"तुम्ही नंबर मागतला त्याच संध्याकाळी मी करिष्माले फोन केला होता," ती म्हणाली. "ती म्हणली, कोणते पाहुणे, काकू? मले वाटलं पोरीपासून लपवलं असन. आजकालच्या पोरी चिडतात म्हणून. मी तिले म्हटलं, काही नाही वं, मी अशीच गंमत केली. तुमच्यासाठी मी खोटं बोलली भाऊजी."

कौसल्याबाईनं पदर तोंडाला लावला.

"खरं सांगतली असती गोष्ट," छाया म्हणाली, "तं मी नंबर दिला नसता. पण टोळी अर्धी केली असती. अर्ध्या बाया तुमच्याकडे, अर्ध्या माह्याकडे. दोघायचं थोडं थोडं गेलं असतं. मागच्या वर्षी तुम्ही सांगतलं ते खोटं निघालं, तरी मी राग नाही धरला. सांगतलं होतं ना तुम्ही."

एवढंच. ती उठली. मोतीरामनं फळीवरचं खोकं काढून तिच्यापुढे धरलं. तिनं ते घेतलं नाही.

"राहू द्या. खरे पाहुणे येतीन तवा लागतीन."

बी तिनं घेतलं नाही. मोतीरामनं पोतं तिच्या ओट्यावर नेऊन ठेवलं तर दुसऱ्या दिवशी ते त्याच्या ओट्यावर होतं. त्याच्या बियाची उगवण बरी बसली, कंपनीनं उचललं, आणि त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. गोविंदा परत आला नाही. उलट शाळेच्या परीक्षा संपल्यावर छायाच लेकरं घेऊन पुण्याला गेली. तिथल्या सोसायटीत स्वयंपाकाचं काम मिळतं म्हणे. वावर तिनं ठोक्यानं, वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर, कोणा तिसऱ्याला कसायला दिलं. मोतीरामनं मागितलं होतं, करून देतो म्हणाला होता. तिनं त्याच्या बायकोला फोनवर सांगितलं की भाऊजींना त्रास नको.

वैशाख संपता संपता करिष्माला पाहायला खरंच पाहुणे आले. लोणारकडचे, साधी माणसं. कौसल्याबाईनं खोक्याची दोरी सोडली. निळ्या फुलांच्या कपबश्या निघाल्या, बारीक, हलक्या. चहा आला. मोतीरामनं आपल्यापुढचा कप बाजूला सरकवला आणि सांगितलं की डॉक्टरनं चहा बंद केला आहे. मुलाच्या बापानं कपाचं कौतुक केलं, कुठून घेतले म्हणून विचारलं. कौसल्याबाई म्हणाली, जावेच्या आहेत.

मग त्या माणसानं हसत विचारलं की तुम्हाला म्हणे हवामानाचं फार कळतं, यंदा पाऊसपाणी कसं आहे? मोतीराम म्हणाला, मला काही कळत नाही. आणि तेवढ्यात खिशात मोबाइल वाजला.

त्यानं वाचलं. उद्या दुपारनंतर वादळी वाऱ्यासह पाऊस, विजा, तुरळक ठिकाणी. तो पाहुण्यांमधून उठला, पायात चप्पल न घालता रस्त्यावर गेला. टपरी जवळच होती. कुलदीप चहा गाळत होता, दोन-तीन माणसं बाकावर होती.

"उद्या दुपारून वादळ सांगतलं आहे," मोतीराम म्हणाला. "तुरळक ठिकाणी. शक्यता आहे, पडनच असं नाही. मी काही गाळलं नाही. बायाले झाडाखाली उभं राहू देऊ नका. हासायचं तं हासा."

कुलदीपनं गाळणी खाली ठेवली. मान हलवली. बाकावरचा एकजण उठून घराकडे चालायला लागला, त्याची बायको दुसऱ्याच्या वावरात गेली होती. हसलं कोणी नाही. एक जरी हसला असता तरी मोतीरामला बरं वाटलं असतं, जुन्या सालात परत गेल्यासारखं वाटलं असतं. तो परत फिरला. वाटेत छायाचं घर लागतं. कडीला कुलूप होतं आणि ओट्यावर कोणाची तरी शेळी बसली होती.